एमएच-१५ गाडीवर ब्लॅकलिस्टही दिसतंय आणि बँकेचं नावही. विसार देण्याआधी काय तपासू?

सहावी_स्कीम:

नमस्कार मंडळी. सिडकोतलीच २०१७ ची डिझेल गाडी घ्यायचं चाललंय. पासिंग नाशिकचं, विकणारे दुसरे मालक. भाव ठरलाय, विसार अजून दिलेला नाही. एम-परिवहनवर नंबर टाकला तेव्हा आरसी ॲक्टिव्ह दिसली, पण फायनान्सरच्या रकान्यात एका सरकारी बँकेचं नाव आहे (ती बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झालीय) आणि ब्लॅकलिस्टपुढे 'हो' येतंय.

मालकांचं म्हणणं, कर्ज २०२२ लाच फिटलं, बँकेचं पत्र घरी आहे. ब्लॅकलिस्ट म्हणजे चलनं असतील, एजंट पंधरा हजारांत सगळं क्लिअर करून देईल.

माझे प्रश्न: ब्लॅकलिस्टचं नेमकं कारण कुठे कळतं? ते कोण उतरवतं? आधी बँकेचा बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवायचा की आधी ब्लॅकलिस्ट? आणि तोवर गाडी ताब्यात घेतली तर चालेल का?

पेठरोड_फाइल:

विसार दिला नाहीत हे उत्तम.

ब्लॅकलिस्ट हा नुसता शेरा आहे. त्यामागे थकलेली ई-चलनं असतील, कर थकला असेल, वायुवेग पथकाची (आरटीओच्या फिरत्या तपासणी पथकाची) केस असेल, पोलिसांचं पत्र असेल, कोर्टाची किंवा वसुली अधिकाऱ्याची जप्ती असेल, तहसीलदारांचं पत्र असेल, जीएसटीवाल्यांची जप्तीही असू शकते. ॲपवर हो किंवा नाही एवढंच कळतं.

कारण बघायचं तर मालकांना शेजारी बसवा, कारण ओटीपी त्यांच्याच नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. परिवहनच्या साइटवर 'वाहन'च्या ऑनलाइन सेवा उघडा, राज्य महाराष्ट्र, गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच अंक, मग ओटीपी. आत गेल्यावर ट्रान्सफरचा अर्ज भरायला घ्या. लॉक (ब्लॅकलिस्टमुळे रेकॉर्डला लागलेली अडवणूक) असेल तर फीच्या पानाआधीच अर्ज अडतो आणि का अडला ते संदेशात येतं. पैसे जात नाहीत. त्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे प्रत्येक टेबलावर तोच लागतो.

बऱ्याच गाड्यांचं घोडं इथंच अडतं: रेकॉर्डला मोबाइल नंबर आधीच्या मालकाचा, नाहीतर शोरूमच्या कोण्या माणसाचा असतो. मग आधी मोबाइल नंबर बदलून घ्यायचा. त्यासाठी चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची मुदत आरसीवर आहे तशीच्या तशी टाकावी लागते. इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत झाली तरी साइट नकार देते.

संदेश त्रोटक असेल ('डिपार्टमेंटल ॲक्शन' वगैरे) तर मालकांच्या सहीने पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातून आरसी पर्टिक्युलर्स (गाडीच्या रेकॉर्डचा अधिकृत उतारा) काढा. खिडकीवर कोणी तोंडी काही सांगितलं तर त्यावर निभावून नेऊ नका. कागदावर तीन गोष्टी हव्यात: कोणत्या कार्यालयाच्या पत्रावरून नोंद झाली, त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख, आणि केस किंवा गुन्हा नंबर. तेवढंही मिळालं नाही तर माहिती अधिकार आहेच: जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, मुदत ३० दिवस. अर्ज गाडीच्या मालकानेच करावा. तुम्ही तिऱ्हाईत म्हणून केलात तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून परत येण्याचीच शक्यता जास्त.

आता मुख्य सूत्र. ज्याने लॉक लावलं, काढायचं पत्रही त्याचंच लागतं. आरटीओ फक्त स्वतःच्या कारणाने लावलेलं लॉक स्वतः काढू शकतं, म्हणजे कर, पर्यावरण कर, स्वतःच्या पथकाची केस. बाकी सगळ्यांत आरटीओ निरोप्या. त्यामुळे 'पंधरा हजारांत क्लिअर' हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न विचारा: कोणाचं पत्र आणणार?

चलनांबद्दल. दोन ठिकाणी बघायचं, एका ठिकाणी बघून भागत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची चलनं महाट्रॅफिकच्या साइटवर किंवा ॲपवर दिसतात, तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे चार अंक लागतात. आरटीओच्या पथकाची आणि परराज्यातली चलनं परिवहनच्या ई-चलन साइटवर. गाडी दमण-सिल्वासा, सुरत बाजूला फिरलेली असेल तर ही दुसरी साइट विसरू नका. चलन कोर्टाकडे वर्ग झालं असेल तर साइटवर पैसे भरता येत नाहीत, ते कोर्टात किंवा लोक अदालतीत मिटवावं लागतं. पैसे भरल्यावर पावती क्रमांक जपा. दोन्हीकडच्या नोंदी जुळायला काही दिवस जातात आणि तोवर लॉक तसंच दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चलनातला फोटो दुसऱ्याच गाडीचा असेल (नंबरप्लेट चुकीची वाचली जाते) तर पैसे भरू नका, महाट्रॅफिकवर तक्रार टाका. भरलं म्हणजे कबूल केलं.

आणखी एक. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणजे एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलीय का ते बघा. नसेल तर ट्रान्सफर आणि बोजा उतरवणं ही दोन्ही कामं अडतात. हे ब्लॅकलिस्टमध्ये दिसणार नाही, पण फाइल तिथेच थांबते.

बोजा_उतार:

बँकेच्या बोजाचं मी सांगतो.

कर्ज फिटणं आणि आरसीवरचा बोजा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी. बँक खातं बंद करते, आरसीवरची नोंद तशीच राहते. ती मालकाने अर्ज करूनच कमी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे बोजा असेपर्यंत फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. तेव्हा तुमच्या केसमध्ये हे करावंच लागेल.

मालकांकडचं 'बँकेचं पत्र' प्रत्यक्ष हातात घेऊन वाचा. दोन प्रकारची पत्रं असतात. एक, 'कर्जखाते बंद, बाकी शून्य' असं. ते आरटीओत कामाचं नाही. दुसरं, आरटीओला उद्देशून एनओसी आणि सोबत फॉर्म ३५ च्या (बोजा उतरवायच्या अर्जाच्या) दोन प्रती, बँकेच्या सही-शिक्क्यासह. हे हवं. फॉर्म ३५ वर मालकाचीही सही लागते, ती बहुतेक वेळा राहिलेली असते. एनओसीवर मुदत छापलेली असते, बहुधा तीन महिने. २०२२ चं पत्र असेल तर ते आता शोभेचं. बँकेतून नवं काढावं लागेल.

हल्ली बऱ्याच बँका एनओसी थेट 'वाहन'वर चढवतात. तसं झालं असेल तर कागदी फॉर्म ३५ ची गरज उरत नाही आणि आधार-ओटीपीने घरबसल्या काम होतं. शाखेत गेलात की आधी हेच विचारा.

विलीनीकरण. देना आणि विजया या बँक ऑफ बडोदात १ एप्रिल २०१९ ला गेल्या. १ एप्रिल २०२० ला ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरामध्ये, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. आरसीवर जुनं नाव असलं तरी पत्र आजच्या बँकेचंच लागतं. पत्रात 'पूर्वीची अमुक बँक' असा उल्लेख आणि जुना व नवा असे दोन्ही कर्जखाते क्रमांक घालून घ्या. तो उल्लेख नसेल तर टेबलावरचा माणूस म्हणतो, आरसीवर एक बँक, पत्र दुसऱ्या बँकेचं, आणि फाइल परत.

अडण्याची नेहमीची कारणं: चेसिस नंबरात एक अक्षर चुकलेलं, मालकाच्या नावात आरसीवर वडिलांचं पूर्ण नाव आणि बँकेत नुसतं आद्याक्षर, ज्या अधिकाऱ्याची सही आहे तो बदलून गेलेला. आणि एक कारण, जे मालक सांगत नाहीत: गाडीचं कर्ज फिटलं, पण त्याच बँकेत दुसरं कर्ज थकलंय म्हणून बँक एनओसी अडवून धरते. कराराच्या बारीक अक्षरात तसं कलम असतं. 'पत्र घरी आहे' पण दाखवत नाहीत, असं चाललं असेल तर हे नक्की विचारा.

अजून एक खुलासा हवा. हे कर्ज आत्ताच्या मालकांचं की पहिल्या मालकाचं? पहिल्याचं असेल तर एनओसी मागायला त्याला बँकेत न्यावं लागेल.

आडगाव_नाका:

एवढा घोळ घालण्यापेक्षा सरळ करा. फॉर्म २९-३० वर (गाडी नावावर करायच्या फॉर्मवर) सह्या घ्या, गाडी ताब्यात घ्या, पन्नास हजार हातचे ठेवा. बोजा-ब्लॅकलिस्ट उतरल्यावर उरलेले द्या. बाजारात असंच चालतं.

पेठरोड_फाइल:

बाजारात चालतं, आणि त्याच बाजारात वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर फिरणाऱ्या गाड्याही असतात.

रेकॉर्डला ज्याचं नाव, तोच कायद्यापुढे मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलं: गाडी चार हातांतून गेलेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. म्हणजे विकणाऱ्यालाही ही पद्धत धोक्याचीच. आणि घेणाऱ्याला? जप्तीचं लॉक असेल तर गाडी तुमच्या दारातून उचलली जाईल. तेव्हा हातातले पन्नास हजार पुरणार नाहीत.

कोऱ्या फॉर्म २९-३० वरच्या सह्या तर अजिबात नकोत. फेसलेस (आरटीओत न जाता ऑनलाइन) ट्रान्सफरला दोघांचं आधार-ओटीपी लागतं, तेव्हा सहा महिन्यांनी मालकांनी फोन उचलला नाही तर त्या सह्या घेऊन करणार काय?

(गाडी डीलरकडून घेत असाल तर निराळं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला गाडी ताब्यात घेतल्याचं फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन कळवावं लागतं. डीलरला 'तुमचा २९सी दाखवा' म्हणायचं. तो नसेल तर तो नुसता मध्यस्थ.)

सहावी_स्कीम:

मालकांना घेऊन बसलो. मोबाइल नंबर त्यांचाच होता, त्यामुळे लगेच आत गेलो. संदेशात नुसतं 'अटॅचमेंट' (जप्ती) होतं, म्हणून आरसी पर्टिक्युलर्स काढले. त्यात दोन गोष्टी निघाल्या.

एक, २०२३ ची दोन चलनं. ती आज भरून टाकली.

दोन, 'जप्ती – विशेष वसुली व विक्री अधिकारी', एका पतसंस्थेचं पत्र, २०२१ चं, जावक क्रमांकासह. मालक म्हणतात, ते स्वतः कर्जदार नव्हते, नात्यातल्या कोणाला तरी जामीन राहिले होते. कर्जदाराने नंतर पैसे भरले असं त्यांनी ऐकलंय. गाडी कधीच कोणी नेली नाही, मग जप्ती कशी?

बँकेचं कर्ज आत्ताच्या मालकांचंच आहे आणि एनओसी २०२२ ची, मुदत संपलेली. बँकेने नवी द्यायचं कबूल केलंय.

दरखास्त_वाचक:

आता खरा प्रश्न वर आला. चलनं आणि बँक हे वेळखाऊ असलं तरी सरळ काम आहे. जप्तीचं तसं नाही.

गाडी नेली नाही म्हणून जप्ती झाली नाही असं होत नाही. पतसंस्थेचं कर्ज थकलं की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. तो कर्जदार आणि जामीनदार सगळ्यांवर असतो. मग कलम १५६ आणि सहकारी संस्था नियम, १९६१ मधला नियम १०७ यांनुसार वसुली अधिकारी जंगम मालमत्ता जप्त करतो. पंचनामा करून गाडी ताबापावतीवर मालकाकडेच ठेवतात आणि आरटीओला पत्र जातं. मालकांनी त्या वेळी कुठल्या तरी कागदावर सही केलेली असणार, आठवत नसेल एवढंच.

आता 'ऐकलंय' वर जाऊ नका. पतसंस्थेत जाऊन हे काढा:

– कर्जखात्याचा उतारा, जामीनदाराला तो मागण्याचा हक्क आहे;
– १०१ च्या दाखल्याची प्रत;
– जप्तीच्या पंचनाम्याची प्रत.

उताऱ्यावरून तीन शक्यता.

(१) पूर्ण फिटलंय. मग पतसंस्थेकडून बेबाकी (बाकी नसल्याचा) दाखला घ्या. पण तो आरटीओत चालत नाही! आरटीओला हवा वसुली अधिकाऱ्याचा जप्ती उठवल्याचा आदेश. लोक बेबाकी दाखला घेऊन पेठ रोडला दोन-दोन चकरा मारतात ते यामुळेच. इथं नेहमी अडतं ते एका कारणाने: मुद्दल-व्याज फिटलेलं असतं, पण वसुलीचा खर्च आणि सरचार्ज राहिलेला असतो, आणि तो भरल्याशिवाय आदेश निघत नाही. तो आकडा आधी लेखी मागा.

आदेशात काय हवं: गाडीचा नंबर, चेसिस नंबर, २०२१ च्या मूळ पत्राचा जावक क्रमांक व तारीख, आणि 'सदर जप्ती उठवण्यात येत असून नोंद कमी करावी' हे स्पष्ट वाक्य. मूळ पत्राचा संदर्भ नसेल तर कोणती नोंद काढायची ते आरटीओला कळत नाही. पत्र शक्यतो पतसंस्थेने थेट पाठवावं, सीलबंद किंवा अधिकृत ईमेलने. पक्षकाराने हातात आणलेल्या पत्राची खातरजमा करायला आरटीओ उलट पत्र पाठवतं, आणि त्या उत्तराची वाट बघण्यात आठवडे जातात. तुमच्या प्रतीवर आरटीओचा आवक शिक्का घ्या. त्या पोचेशिवाय पुढे कोणालाही काही विचारता येत नाही.

(२) थोडी बाकी आहे. हा तुमच्यासाठी सगळ्यांत सोपा प्रकार, ऐकायला उलटं वाटलं तरी. गाडीच्या किमतीतून तेवढी रक्कम तुम्ही थेट पतसंस्थेच्या त्या कर्जखात्यात भरा: चेक किंवा आरटीजीएस, मालकाच्या हातात रोख नाही. आधी पतसंस्थेकडून 'एवढी रक्कम भरल्यावर जप्ती उठवू' असं लेखी घ्या. मालकांनाही ते परवडतं.

(३) बाकी मोठी आहे, किंवा मालकांना दाखलाच मान्य नाही. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्यासाठी आधी दाखल्याच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. आणि स्थगिती मिळाली तरी ती वसुलीला. आरटीओची नोंद जागची हलत नाही. अशा वेळी गाडी सोडून द्या, दुसरी बघा.

पतसंस्था बंद पडली असेल, प्रशासक किंवा अवसायक (संस्था गुंडाळणारा अधिकारी) नेमला असेल, तर सही त्यांची लागेल. जुन्या व्यवस्थापकाने लेटरहेडवर दिलेलं पत्र कितीही गोड असलं तरी टिकत नाही. आज कोणाला अधिकार आहे ते जिल्हा उपनिबंधक कार्यालयात कळतं.

जप्ती असताना विकलेली गाडी: दिवाणी दरखास्तीत (कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६४ आहे, जप्तीनंतरची खाजगी विक्री जप्ती लावणाऱ्याच्या दाव्यापुरती रद्दबातल. एजंटने कशीबशी नोंद काढून घेतली तरी जप्ती मागे घेतलेली नसते, हे लक्षात असू द्या.

बोजा_उतार:

याच धाग्यात इतर लॉकांचंही सांगून टाका की. उद्या दुसरं कोणी शोधत येईल.

दरखास्त_वाचक:

थोडक्यात सांगतो, प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे.

दिवाणी कोर्ट. हुकूमनाम्याची दरखास्त चालू असेल तर रक्कम कोर्टात भरून ऑर्डर २१ नियम ५५ खाली जप्ती उठते. गाडी तिसऱ्याचीच असेल तर नियम ५८ खाली हरकत. दावा निकालात निघण्याआधीची जप्ती (ऑर्डर ३८ नियम ५) असेल तर नियम ९ खाली जामीन देऊन किंवा दावा काढून टाकला गेल्यावर. तिन्हीत आरटीओला हवी ती आदेशाची प्रमाणित नक्कल. ऑनलाइन छापलेला आदेश माहितीपुरता. दावा काढून टाकला म्हणजे लॉक आपोआप निघेल हा समज चुकीचा. 'आरटीओला कळवावे' असं आदेशात लिहून घ्यायला वकिलांना सांगा. ई-कोर्ट्सवर गाडीच्या नंबराने शोध लागत नाही. पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून बघावं लागतं.

पोलीस मुद्देमाल. गुन्ह्यात जप्त झालेली गाडी मालकाला सुपूर्तनाम्यावर (कोर्टाच्या अटी मान्य करून घेतलेल्या ताब्यावर) मिळते (पूर्वीची दंड प्रक्रिया संहितेची कलमं ४५१ आणि ४५७; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४९७ आणि ५०३). सुपूर्तनाम्याच्या अटींत 'विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करीन' असं असतं. अशी गाडी मालकाच्या दारात उभी दिसते, आरसी खरी असते, मालकही खरा असतो, पण कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पोलिस ठाण्याचं पत्र इथं पुरत नाही.

चोरीचा संशय असेल तर एनसीआरबीच्या 'वाहन समन्वय' सेवेवर नंबर, चेसिस आणि इंजिन टाकून अहवाल निघतो. टाकताना आरसीवरचे आकडे नका घेऊ, गाडीवर कोरलेले वाचून टाका. चेसिसचा पेन्सिल प्रिंट काढून आरसीशी ताडून बघा. कोरीव काम घासलेलं वाटलं तर तिथूनच परत फिरा.

विम्याशिवाय अपघात. थर्ड पार्टी विमा नसलेली गाडी अपघातात सापडली तर भरपाईपोटी सुरक्षा ठेव भरल्याशिवाय कोर्ट सोडत नाही. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा झाला तर कलम १७४ खाली ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते, म्हणजे लॉक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाजूने येतं.

वाळू-मुरूम. ट्रॅक्टर, डंपर, टेम्पो घेणाऱ्यांनी हे आधी बघावं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) चा दंड आणि ४८(८) ची जप्ती. दंडाचं चलन भरून, बंधपत्र देऊन प्रांताधिकाऱ्यांचा (उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचा) मुक्ततेचा आदेश. सिन्नर-निफाडची गाडी असेल तर त्या त्या भागातल्या महसूल कार्यालयातून, नाशिकच्या नव्हे.

जीएसटी. कलम ८३ ची तात्पुरती जप्ती, आदेश डीआरसी-२२ या नमुन्यात, त्याची प्रत आरटीओला. हिची गंमत अशी की आदेशाला एक वर्ष उलटलं की ती कायद्याने संपते. संगणकावरची नोंद मात्र तशीच राहिलेली दिसते. मूळ आदेशाची तारीख दाखवून त्याच कार्यालयाकडून आरटीओला पत्र मागायचं. वर्षाच्या आत हवं असेल तर डीआरसी-२२ए मध्ये हरकत, आणि मान्य झाली तर सुटकेचा आदेश डीआरसी-२३ मध्ये. अंबड-सातपूरच्या कंपन्यांच्या नावावरच्या गाड्या घेताना हे पाहिलंच पाहिजे. अशा गाड्यांवर बँकेचा बोजा नसतो, म्हणून लोक निर्धास्त होतात.

सहावी_स्कीम:

खूप आभार. पतसंस्थेतून उतारा मिळाला. मुद्दल-व्याज शून्य आहे, सरचार्ज आणि खर्च मिळून ११,४०० बाकी. म्हणजे तुमचा पहिला प्रकार. मालक म्हणतात, तेवढे तुम्हीच विसारातून भरा. विसारपावतीत काय लिहू? आणि आता क्रम काय?

दरखास्त_वाचक:

विसार तेवढाच द्या, एक रुपयाही जास्त नाही, आणि तो पतसंस्थेच्या नावाने. विसारपावती स्टँप पेपरवर, दोन साक्षीदार. त्यात:

गाडीचा नंबर, चेसिस, इंजिन, ठरलेली किंमत, भरलेली ११,४०० ही रक्कम किमतीतून वजा होईल, २०२१ च्या जप्तीचा जावक क्रमांक नमूद करून 'ती मालकाने अमुक तारखेपर्यंत रेकॉर्डवरून कमी करून द्यावी', बँकेचा बोजाही तसाच, ही दोन्ही कामं त्या तारखेपर्यंत न झाल्यास मालकाने रक्कम परत करायची, आजपर्यंतची चलनं, कर, अपघात दावे मालकाचे, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आणखी कुठे जामीन राहिलेले नाहीत असं मालकाचं लेखी निवेदन. एका ठिकाणी जामीन राहणारा माणूस दुसऱ्या ठिकाणीही राहिलेला असतो.

पेठरोड_फाइल:

क्रम: सरचार्ज भरा → जप्ती उठवल्याचा आदेश → आरटीओ आवक → दोन-चार दिवसांनी साइटवर ट्रान्सफरचा अर्ज पुन्हा उघडून बघा, अडत नसेल तर नोंद गेली. बँकेची नवी एनओसी याच सुमारास काढा. फार आधी काढलीत आणि जप्तीला वेळ लागला तर ती पुन्हा मुदतीबाहेर जाईल.

मग बोजा उतरवणं आणि ट्रान्सफर. दोन्ही एकाच फाइलमध्ये टाकता येतात, एजंट तसंच सुचवेल. मी म्हणेन, आधी बोजा उतरवून मालकांच्या नावावर कोरी आरसी येऊ द्या. पंधरा दिवस जास्त लागतील, पण पैसे द्यायच्या दिवशी डिजिलॉकरला फायनान्सरचा रकाना रिकामा तुमच्या डोळ्यांनी दिसेल. तुम्हीही कर्ज काढून गाडी घेत असाल तर तुमची बँक बहुधा तेच मागेल.

पैसे द्यायच्या सकाळी चलनं पुन्हा बघा. मधल्या काळात गाडी मालकच चालवतायत, आणि द्वारकाच्या सिग्नलला कॅमेरे आहेत.

आरटीओत आवक होऊनही महिनाभर नोंद हलली नाही तर आधी आवक क्रमांक घेऊन सहायक प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे जा. तिथेही काही झालं नाही तर लेखी तक्रार, 'आपले सरकार'वर. ट्रान्सफरसारख्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित आहेत, मुदत उलटली की पहिलं अपील करता येतं. तोंडी भांडून काही होत नाही, आवक क्रमांक लिहिलेल्या अपिलाला उत्तर द्यावं लागतं.

बोजा_उतार:

ट्रान्सफर झाल्यावर विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका. मालकांचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तेव्हा कंपनी त्याचा फरक मागेल. तो किमतीत धरला नसेल तर विसारपावतीवर सही व्हायच्या आधीच मालकांशी बोलून घ्या.